लागते म्हणालीस, गिरजे

गिरजे,

काल तुझी तेरवी झाली. रीतीप्रमाणे सगळं झालं. पंगतीतून कुणी उपाशी उठलं नाही. वरणात मीठ जास्त पडलं होतं, ते मला कळलं, पण मी बोलले नाही. तू असतीस तर बोलली असतीस. भरल्या पंगतीत पदर सावरत "बाई, वरन खारं झालं वं" असं म्हणून मला मान खाली घालायला लावली असतीस. तुला गप्प बसणं कधी जमलं नाही आणि मलाही जमत नाही, म्हणून तर थोरली-धाकटी जावा असून आपलं पटलं. सासूबाई म्हणायच्या, या दोघी एकत्र बसल्या की चुलीवरचं उतू जातं. आणि जायचंही.

आज पाहुणे गेले. घर सामसूम आहे. तुझा किसना माझ्या लुगड्याचा पदर मुठीत धरून झोपलाय, त्यामुळे मला उठता येत नाही. बसल्या जागी दौत ओढून घेतली आणि लिहायला लागले. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा पहिलं लिहिणंही तुलाच. तुझ्या वडिलांना मुलगा नव्हता. अमरावतीच्या आडतीवर लिहिण्याचं काम करायचे ते, म्हणून त्यांनी हौसेनं तुला धूळपाटीवर बसवलं आणि तू या घरात येऊन मला बसवलंस. 'ण'वरून आपण किती भांडलो, आठवतं? मी म्हणायची, "आपल्या तोंडात थो येतच नाई, त लिहाचा कायले?" तू म्हणायचीस, "बोलाचं येगळं, लिहाचं येगळं." बघ, आज मी प्रत्येक ण नीट काढते आहे. भांडण मिटलं असं मात्र समजू नकोस.

पण ण राहू दे. मला छळतोय तो दुसराच शब्द. पटकीच्या साथीनं तुला धरलं आणि जाताना तू जो शेवटचा शब्द बोललीस, तो मला कळला नाही. न कळताच मी त्या शब्दावर तुझ्या कुशीतलं लेकरू उचलून बाहेर नेलं. मी बरोबर ऐकलं की चूक, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, म्हणून तुलाच विचारते. पण मुळापासून सांगितल्याशिवाय मला विचारताच येणार नाही. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक.

सगळं त्या आरशापासून सुरू झालं. ते वर्ष कापसाचं होतं. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि इकडे आपल्या काळ्या वावरातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. दर्यापुरापासून अमरावतीपर्यंत रस्त्यानं गाड्याच गाड्या. ज्यांच्या अंगावर धड बंडी नव्हती, त्यांच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा वाजायला लागल्या. भाऊजींनी, म्हणजे तुझ्या नवऱ्यानं, घंटा नाही आणल्या. कापूस विकून परत येताना त्यांनी रिकाम्या गाडीत कडबा पसरला आणि त्यात गुंडाळून पुरुषभर उंचीचा बिलोरी आरसा आणला. गाव बघायला लोटलं. तोवर आपण बायका फणेरपेटीतल्या तळहाताएवढ्या आरशात कुंकू लावायचो. त्यात एका वेळी एक भुवई दिसायची, फार तर नाक. मला माझं अख्खं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं आणि मी म्हटलं, "हे कोन बुढी हाय?" तू हसून हसून खाली बसलीस.

मग तू आरशासमोर उभी राहिलीस. सकाळचं ऊन दारातून आडवं येत होतं. तुझ्या दोन्ही गालांवर, कपाळाच्या कडेला आणि हनुवटीवर कातडीखाली बारीक बारीक उंचवटे दिसत होते, पांढुरके, ज्वारीच्या कण्यांएवढे. तू बोट फिरवलंस. "बाई, हे पाय. टनक हायेत." मीही हात लावला. दाबले तरी दबत नव्हते. लग्नाआधी तुझ्या तोंडावर फोडांनी कहर केला होता असं तू सांगायचीस, आणि हे त्याच जागी होते. आपण दोघींनी त्यावर पदर ओढला असता आणि गप्प राहिलो असतो. पण भाऊजींचा आरसा बघायला आलेल्या बायांनी आरशात तुलाही बघून घेतलं.

कुणी महारोगाचं नाव घेतलं नाही. 'मोठा आजार' म्हणाल्या, आणि तेही तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा. सासूबाईंनी आधी देवीचा कोप म्हणून कडुनिंबाचा पाला बांधला, मग हळद आणि साय चोपडली, मग कुठून तरी अंगारा आणला. दाणे जागचे हलले नाहीत. मग तुझं ताट वेगळं झालं, मग अंथरूण. किसना अंगावर पीत होता, म्हणून तेवढा तुझ्याजवळ राहिला. ओसरीवर पुरुष बोलायचे, वावरातल्या खोपीत ठेवावं की माहेरी धाडून द्यावं. भाऊजी ऐकून घ्यायचे आणि हळूच कापसाच्या भावाकडे वळायचे. मला त्यांच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटायचा. तू म्हणायचीस, "थे भेले हायेत, बाई." भिण्याचा हक्क सगळ्यांना होता, एक तुलाच नव्हता.

त्याच थंडीत अमरावतीच्या दवाखान्यातला डाक्टर लहान मुलांच्या दंडावर देवी टोचायला गावोगाव फिरत आपल्या गावात आला. पुण्याकडचा माणूस, बोलायला मऊ. मी घरधन्याच्या मागे लागून त्याला घरी आणवलं. माजघरात तू, मी आणि तो. दाराला पडदा आणि पडद्यामागे किसनाला कडेवर घेऊन सासूबाई. त्यानं तुझ्या कानांच्या पाळ्या चाचपल्या, भुवया पाहिल्या, हाताची बोटं वाकवून सरळ केली. मग थैलीतून सुई काढली. "डोळे मिटा. मी दाण्यांवर टोचीन. कळलं की बोला." एका गालावर टोचली. "लागतंय का?"

"लागते," तू म्हणालीस.

दुसरा गाल. "आणि इथं?"

"लागते!"

तुला काय उमगलं ते मला त्याच वेळी उमगलं. महारोगाच्या चट्ट्याला टोचलेलं कळत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तुझी कातडी जिवंत होती. कपाळावर टोचलं, "लागते!" हनुवटीवर टोचलं, "लागते, डाक्टर, बम लागते!" तू रडत होतीस आणि हसत होतीस. दुखलं म्हणून इतक्या आनंदानं ओरडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मीही तुझ्या पाठीवर थापटत वेड्यासारखी हसत होते.

पडद्यामागे सासूबाईंनीही तेच ऐकलं. डाक्टर विचारतो, लागतंय का, आणि सून स्वतःच्या तोंडानं सांगते, लागते, बम लागते. त्यांना त्यात दुखणं ऐकू आलं नाही, लागण ऐकू आली. डाक्टर हात धुऊन बाहेर आला तेव्हा अंगणातली छोटी बैलगाडी, रेंगी, गेलेली होती. किसनाला घेऊन सासूबाई बार्शीटाकळीला, आपल्या लेकीच्या घरी निघाल्या होत्या. तू उंबऱ्यापर्यंत धावलीस. तुझ्या हातात त्याचं टोपडं राहिलं होतं.

डाक्टरानं पुरुषांना समोर बसवून सांगितलं, हा महारोग नव्हे, हा कातडीत साचलेला चुना आहे, एकाचा दुसऱ्याला होत नाही. पुरुषांनी माना डोलावल्या. तो पुढच्या गावाला गेला आणि त्याच्या घोड्याची धूळ खाली बसायच्या आत ओसरीवर कुणीतरी म्हणालं, "डाक्टर त धीर देतेच. पन तिनं सोताच सांगतलं ना, लागते म्हनून." मी विहिरीवर भांडले. "अवं बायांनो, लागते म्हंजे दुखते!" त्या म्हणाल्या, "हो बाई. दुखते बी आन् लागते बी."

ते दिवस मला आठवायचे नाहीत, पण आठवतात. तुझी चोळी ओली व्हायची आणि तू ती पिळून दोरीवर टाकायचीस. भाऊजींना मी म्हटलं, जा आणि लेकरू घेऊन या. ते म्हणाले, माय ऐकणार नाही. तू जेवायची थांबलीस तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मग एका सकाळी आरशासमोर उभी राहून तू गालावरचा एक दाणा नखानं टोकरत म्हणालीस, "बाई, हे काढून त्यायच्या हातावर ठेवले, त पायतीन ना थे?" ऐकलेलं खोटं पडत नाही, तर दाखवलेलं तरी खरं मानतील, एवढाच तुझा हिशेब होता. मी त्याच दिवशी गाडी जुंपायला सांगितली.

अमरावतीला आपण तुझ्या वडिलांकडे उतरलो. भाऊजी आले नाहीत, त्यांना कापूस घेऊन अकोल्याला जायचं होतं. रस्त्यात दोन्ही बाजूंच्या बाभळींना गाड्यांतून ओढला गेलेला कापूस लटकत होता. तू पदराआडून तो बघत होतीस आणि मी तुला बघत होते. दवाखान्यात डाक्टरासमोर बसल्यावर मी तुझ्या आजाराचं नाही, आधी त्या शब्दाचं सांगितलं. तो बिचारा कपाळाला हात लावून बसला. "मी दुखतंय का म्हणायला हवं होतं," म्हणाला. माणूस चांगला होता. पण त्याच्या चांगुलपणानं तुझं लेकरू परत येणार नव्हतं.

त्यानं तुला खिडकीशी बसवलं, एका दाण्यात सुई शिरवली आणि मला म्हणाला, ऐका. आत सुई कचकच करत होती, घास चावताना खडा यावा तशी. गळू असतं तर पू आला असता, चरबीची गाठ असती तर सुई मऊ गेली असती. पुढचं मला समजलं ते असं: तुझे फोड वरून भरले, पण आतली जखम तशीच राहिली, आणि तिथं शरीरानं चुना भरला, आपण भिंतीची भोकं बुजवतो तसा. तो लेपानं विरघळत नाही, पोटात औषध घेऊन जात नाही. कातडी चिरून एकेक दाणा काढावा लागतो. बारीक व्रण राहतील, काही दाणे पुन्हाही येतील. एवढं सगळं ऐकून तू एकच विचारलंस, "लेकरू कवा आनता येईन?"

गुंगीचं औषध त्यानं देऊ केलं नाही आणि तू मागितलं नाहीस. तो तुला हसायला सांगायचा, मग डोळे घट्ट मिटायला, मग गाल फुगवायला. कातडीला सुरकुती कुठं पडते ते बघून नेमक्या त्या रेषेवर पात्याचं टोक टेकवायचा, म्हणजे पुढं व्रण तिच्यात लपून जाईल. हसा म्हटलं की तू खरंच हसायचीस, आणि तो म्हणायचा, एवढं नको. चीर नखाच्या कोरेएवढी. मग एक इवलीशी पळी आत घालून तो दाणा सोडवायचा, आणि पितळी वाटीत तो टणकन पडायचा. माझं काम तुझं डोकं धरायचं आणि रक्तावर कापसाचा बोळा दाबायचा. कापूस आपल्याच वावरातला होता, मीच सरकी काढून, पिंजून नेला होता. गालाचे झाले तेव्हा तू वाटीत डोकावून म्हणालीस, "पाय बाई, आपन कापसातली सरकी काढतो, न् डाक्टर माया तोंडातली काढून राहिला." डाक्टराला हसू आवरेना, त्याला पातं खाली ठेवावं लागलं.

मी घाबरून सारखी विचारायची, "लागते का वं?" तू दातांवर दात दाबून म्हणायचीस, "लागू दे."

सगळं एका बैठकीत झालं नाही. गाल भरू लागल्यावर कपाळ, मग हनुवटी. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी एक दाणा होता, तो काढायला डाक्टर तयार होईना. तिथं पापणी ओढली जाईल, डोळा उघडा राहील, म्हणाला. तू हटून बसलीस. "माया सासूचं बोट नेमकं त्याच एकावर जाईन." मी डाक्टराची बाजू घेतली, आणि त्यावरून तू माझ्याशी परतीच्या वाटेवर बोलली नाहीस. पुढंही कधी भांडण निघालं की तू त्या डोळ्याकडे बोट दाखवायचीस, म्हणजे सगळा दोष माझाच. तो दाणा तुझ्याबरोबर गेला. मी अजूनही म्हणते, डाक्टर बरोबर होता.

बार्शीटाकळीला आपण गेलो तेव्हा तुझ्या तोंडावर लाल रेघा होत्या आणि कुंकवाच्या करंड्यात ते दाणे. सासूबाई जात्यावर बसल्या होत्या. तू करंडा त्यांच्या पुढ्यात उघडलास. त्यांनी एक दाणा उचलला. उन्हात धरला, हुंगला. मग नखाखाली दाबला, तर त्याची पांढरी भुकटी झाली.

"हा त चुना हाय," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, एकदम चढ्या आवाजात, "काऊन सांगतलं नाई मले? पान खाते म्हून झालं हे! किती डाव सांगतलं, चुना कमी लाव!"

गिरजे, तू जन्मात पान खाल्लं नव्हतंस. मी तोंड उघडणार होते, पण तू माझा हात दाबलास. त्या दिवसापासून घरातली चुन्याची डबी त्यांनी कुलपात टाकली, आणि पानाशिवाय तडफडत स्वतःच सगळ्यांवर खेकसत राहिल्या. पण उठून आत गेल्या आणि किसनाला आणून तुझ्यासमोर उभं केलं.

त्यानं तुला ओळखलं नाही. तुझं तोंड पाहून तो त्यांच्या लुगड्यात शिरला आणि ओरडायला लागला. तू पुढं झाली नाहीस. त्याच्याकडे पाठ करून अंगणात बसलीस, सुपात ज्वारी घेतलीस आणि पाखडता पाखडता नेहमी त्याला म्हणायचीस ते आपलं काहीबाही बोलत राहिलीस, कावळ्याचं, चिमणीचं, त्याच्या टोपड्याचं. ज्वारी पाखडून संपली, तू पुन्हा तीच सुपात घेतलीस. केव्हातरी तो मागून आला आणि तुझ्या पाठीला चिकटला. मी आत जाऊन रडले. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

त्यानंतर आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हणत होते, या बाईला मी मेले तरी माफ करणार नाही. ऐकायचं होतं तेच तिनं ऐकलं. तिला सून आधीच नकोशी झाली होती, म्हणून तिला लागण ऐकू आली. तुझं म्हणणं उलट. "थे खोटं नाई बोलली, बाई. म्या लागतेच म्हनलं. नातवाच्या भेवानं तिले थेच ऐकू आलं." मी म्हटलं, तू खुळी आहेस. तू म्हणालीस, "तुले मूल असतं त कळलं असतं." आणि लगेच जीभ चावलीस. मला मूल नाही, हे या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, तू पहिल्यांदा बोललीस. दोन दिवस तू माझ्या मागे मागे होतीस, भाकरीवर लोणी जास्त घालत. मी राग सोडला, पण भांडण तिथंच राहिलं. पुन्हा केव्हातरी सावकाश भांडू, असं मी मनात धरलं होतं.

मग आषाढ आला आणि पटकी आली. अर्ध्या गावात घरटी एकेक जण आडवं होतं, आणि एका सकाळी तू. दुपारपर्यंत तुझे डोळे खोल गेले, बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली, आवाज कुजबुजीएवढाच उरला. घरात धावाधाव होती. घरधनी वैद्याकडे पळाले होते, भाऊजी दाराशी भिंतीला टेकून नुसते उभे होते. त्या गोंधळात किसना कधी सरकत येऊन तुझ्या कुशीत झोपला, ते कुणाला कळलंच नाही. मी तुझे पाय चोळत होते. पायांत गोळे येत होते तुझ्या. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "लागते, बाई."

मी म्हटलं, "कुठं वं? पायात?"

तू म्हणालीस, "लागते." आणि किसनाकडे बघितलंस.

बघितलंस, की नुसते डोळे तिकडे वळले? अमरावतीत डाक्टरानं सांगितलं होतं, साथीत आजारी माणसाजवळ लेकरू ठेवू नये. ते आपण दोघींनी ऐकलं होतं. मला वाटलं, तू तेच म्हणतेस. मी त्याला उचललं. तो झोपेत रडला. तुझा हात गोधडीवरून थोडा वर आला. ये म्हणून की जा म्हणून, गिरजे? मी त्याला मागच्या घरी शेजारणीच्या ओटीत देऊन परत आले, तेवढ्यात तू गेलीस.

तो चांगला आहे. त्याला काही झालं नाही. शेजारीण म्हणते, तुम्ही पोराचा जीव वाचवला. विहिरीवर दुसरंही बोलतात, ते मला ऐकू येतं. वांझोटीनं मरत्या मायच्या कुशीतलं लेकरू ओढलं म्हणतात. त्यांच्याशी मी भांडेन, मला भांडता येतं. पण मूल मला हवं होतं. हे गावाला ठाऊक आहे, तुला ठाऊक होतं. म्हणून माझ्या कानांवर माझाच विश्वास बसत नाही. तुला नुसतं दुखत असेल तर? तुला तो जवळ हवा असेल, आणि मी मला हवं तेच ऐकलं असेल तर?

सासूबाई त्या वेळी दारात उभ्या होत्या. परवा त्या एकट्या होत्या तेव्हा मी विचारलं, "तुमी काय ऐकलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तांदूळ निवडत राहिल्या. "मी आता काई ऐकत नाई," म्हणाल्या. मग उठल्या, कपाटाचं कुलूप काढलं आणि चुन्याची डबी आणून, चुन्यावर टाकलेला दोष परत घ्यावा तशी, माझ्यापुढं ठेवली. तशाच आत गेल्या. त्यांना मी माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी पडद्यामागे त्यांच्या मनात काय झालं असेल, ते आता मला कळतं. भांडण तू जिंकलीस म्हण हवं तर.

आज दुपारी दर्यापूरची कासारीण बांगड्या घेऊन आली. तिला इथलं काही ठाऊक नव्हतं. किसना माझ्या मांडीवर बसून तिच्या चुड्यांशी खेळत होता. त्याचं बोलणं अजून बोबडं आहे, मोजके शब्द येतात. त्याच्या गालाला बोट लावून, मग माझ्याकडे दाखवत तिनं आपलं सगळ्याच लेकरांना विचारतात तसं विचारलं, "हे तुयी कोन लागते रे?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तुझेच डोळे आहेत त्याचे.

"माय," म्हणाला.

मी त्याला नाही म्हटलं नाही. गिरजे, मला लागलं.